पांढरीवरील वीट : अचलपूर परिसरातील गावठी वाड्याचा वास्तुविचार

वऱ्हाडातील वास्तूंविषयी आजवर झालेल्या लेखनाचा आढावा घेतला असता एक उणीव प्रथमदर्शनीच ध्यानात येते. ज्या घरात येथील माणसे जन्मली, ज्याच्या ओसरीवर त्यांच्या साऱ्याचे हिशेब झाले आणि ज्याच्या माजघरात त्यांच्या पिढ्या वाढल्या, ते घर या लेखनात जवळजवळ कोठेच आढळत नाही. आल्फ्रेड लायल यांनी १८७० साली संपादित केलेले वऱ्हाडचे गॅझेटियर, हेन्री कझेन्स यांची १८९७ मधील मध्यप्रांत व वऱ्हाड येथील पुरातन अवशेषांची यादी, फिट्झजेरल्ड व नेल्सन यांचे १९११ चे अमरावती जिल्ह्याचे गॅझेटियर, या तिन्ही ग्रंथांचा डोळा मुख्यतः मंदिरे, मशिदी, किल्ले, समाध्या आणि शिलालेख यांवर खिळलेला आहे. जिच्यावर सनावळी कोरलेली आहे किंवा जिच्या कर्त्याचे नाव राजवंशांच्या कोष्टकात बसवता येते, ती वास्तू. बाकीचे ते बांधकाम, असा काहीसा दंडक त्यांनी मनाशी धरलेला दिसतो. या. मा. काळे यांच्या १९२४ मधील ‘वऱ्हाडचा इतिहास’ या ग्रंथाने मराठी वाचकाला प्रांताचा राजकीय इतिहास प्रथम सलगपणे दिला; तथापि त्याचाही विषय राज्ये आणि लढाया हाच होता, घरे नव्हे.

या उपेक्षेचा परिणाम असा झाला की, वऱ्हाडातील विटांच्या जुन्या घराविषयी बोलण्याची वेळ आली म्हणजे अभ्यासक पुण्याकडे पाहतात. ‘वाडा’ हा शब्द उभयतांना समान; तेव्हा पेशवाईतील वाड्याचे जे वर्णन, तेच थोडेसे ओबडधोबड करून अचलपूर, अंजनगाव, दर्यापूरकडील घरांना लागू करावे, ही रीत पडून गेली आहे. ही रीत सदोष आहे. पुणेरी वाड्याची ही प्रांतीय नक्कल नव्हे. तिची माती निराळी, तिचा राज्यकर्ता निराळा आणि तिची भीतीही निराळी.

प्रथम मातीचा विचार करणे इष्ट. मराठी मुलखात गावाची दोन अंगे सांगितली जातात, काळी आणि पांढरी. काळी म्हणजे शेतीची जमीन. पांढरी म्हणजे वस्तीची जागा. शतकानुशतके राख, शेण, पडक्या भिंतींची माती आणि माणसांचा वावर यांनी गावठाणाची भूमी फिकट पडते, यावरून हे नाव आले. वऱ्हाडात हा भेद केवळ रंगाचा नाही, तो बांधकामाच्या दृष्टीनेही निर्णायक आहे. काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात हातभर खोल भेगा पडून आकसते. जी भूमी वर्षातून दोनदा हालते, तिच्यावर भिंत उभी करणे हे धाडसाचे काम होय; आणि तीच माती विटेसाठी घेतली तर वाळतानाच वीट तडकते. पांढरीवर घर बांधण्यामागे परंपरेचा आग्रह असेल तर असो, पण तिच्यामागे गवंड्याचा अनुभवही उभा आहे.

पूर्णेच्या खोऱ्यात गाळाचा थर इतका खोल आहे की, कित्येक गावांत विहिरीलाही खडक लागत नाही. अशा ठिकाणी वीट वापरली गेली ती दगडाच्या अभावी, हे उत्तर बाळापूर किंवा दर्यापूर यांच्यापुरते समाधानकारक आहे. अचलपूरच्या बाबतीत मात्र ते पुरत नाही. अचलपूर गाविलगडच्या डोंगरांच्या पायथ्याशी वसलेले आहे. सापन आणि बिच्छन या नद्या डोंगरातूनच उतरून येतात. काळा दगड येथे दुर्मिळ नाही. तरीही मोठ्या घरांच्या भिंती जोत्यापर्यंत दगडात आणि जोत्यावर विटेत चढविण्याची पद्धत येथे रूढ झाली. म्हणजे येथे वीट नाइलाजाने घेतलेली नसून निवडून घेतलेली आहे. या निवडीची कारणे शोधणे हा या घराच्या अभ्यासाचा खरा प्रारंभ होय.

त्यातील एक कारण मेळघाटच्या अरण्यात आहे. वीट म्हणजे माती आणि जळण. डोंगरातील लाकूड जवळ असलेल्या गावास भट्टी लावणे परवडते. शिवाय नदीकाठचा पिवळसर गाळ काळ्या मातीपेक्षा कमी आकसतो. दुसरे कारण चुन्याचे आहे. काळ्या मातीच्या पोटात चुनखडीचे खडे जागोजाग सापडतात. हे खडे विटेच्या मातीत राहिले तर भाजल्यानंतर ओल लागताच फुगतात आणि वीट फोडतात. म्हणून वीट पाडणारास ते वेचून काढावे लागतात. परंतु तेच खडे भट्टीत भाजून घाणीत मळले की उत्तम चुना होतो, आणि त्यात मातीचा अंश असल्यामुळे तो ओलीतही घट्ट धरतो. एकाच्या हातून टाकाऊ ठरलेली वस्तू दुसऱ्याच्या हाती बांधकामाचा प्राण ठरते. वीट आणि चुना ही दोन्ही एकाच शिवारातून निघत असल्यामुळे दगड घडविण्यापेक्षा हे काम सोयीचे झाले, यात नवल नाही.

जुनी वीट पातळ आहे, जेमतेम दीड-दोन इंच जाडीची. साच्यातील जाड विटेची सवय झालेल्या आजच्या डोळ्याला ती कारागिरीची हौस वाटते. वास्तविक ती काटकसर आहे. पातळ वीट सावलीत सारखी वाळते, थोड्या आचेत आतपर्यंत भाजते आणि तडकून वाया जाण्याचे प्रमाण कमी राहते. विटा पातळ म्हणून सांधे अधिक, आणि सांधे अधिक म्हणून चुना अधिक. त्यामुळे भिंतीस किंचित लवचिकपणा येतो व खालची जमीन हालली तरी ती एका मोठ्या भेगेने न फाटता अनेक केसासारख्या चिरांत आपला ताण वाटून टाकते. ज्या भूमीचे वर्णन वर केले आहे, तिच्यासाठी याहून योग्य भिंत सांगता येणार नाही.

वीट येथे परकीयांनी आणली, असा एक समज अधूनमधून डोके वर काढतो. तो टिकणारा नाही. बुलढाणा जिल्ह्यात पूर्णेच्या काठी भोन येथे विटांचा प्राचीन स्तूप उजेडात आला आहे. नागपूरजवळ मनसर येथे वाकाटककालीन विटांचे प्रचंड बांधकाम सापडले आहे. आणि वाकाटक दुसऱ्या प्रवरसेनाचा ताम्रपट ज्या चम्मक गावी सापडला ते अचलपूरपासून दोन-तीन कोसांवर आहे. अचलपूरचे नावही तितकेच जुने. राष्ट्रकूट नन्नराजाचा तिवरखेड ताम्रपट अचलपुराहून दिलेला आहे, आणि बाराव्या शतकात हेमचंद्राने आपल्या प्राकृत व्याकरणात या नावातील ‘च’ आणि ‘ल’ यांची अदलाबदल होऊन ‘अलचपुर’ असे रूप होते, असा स्वतंत्र नियमच सांगितला आहे. पुढचे ‘एलिचपूर’ त्याच वाटेने आले. अर्थात प्राचीन वीट मोठी व जड होती. पातळ विटेचे आणि कमानीचे तंत्र बहामनी व इमादशाही काळातील बांधकामांबरोबर रुजले, एवढे मान्य करावयास हरकत नाही. नवे आले ते वीट वापरण्याचे वळण, वीट नव्हे.

आता खुद्द घराकडे वळू जाता एक अडचण उभी राहते. या घराला विटांचे घर म्हणावे काय? रस्त्यावरून पाहणारास विटेची उंच, जवळजवळ निर्विकार भिंत तेवढी दिसते. परंतु आत गेल्यावर घराचा भार पेलणारी वस्तू दुसरीच असल्याचे कळते. दगडी तळखड्यांवर सागवानी खांब, खांबांवर तुळया, तुळयांवर कड्या आणि त्यांवर मातीचे धाबे, असा सांगाडा स्वतंत्रपणे उभा असतो. घराचे माप भिंतींवरून सांगत नाहीत, खणांवरून सांगतात. भिंत पडून गेल्यावरही धाबे जागच्या जागी राहिल्याचे दृश्य पडक्या वाड्यांत अनेकदा दिसते, त्याचे कारण हेच. पुष्कळ ठिकाणी भिंतीचीही दोन अंगे असतात, बाहेर भाजलेली वीट आणि आत कच्ची वीट किंवा चिखलाची भर. बाहेरून पक्के आणि आतून कच्चे, अशी ही जोडभिंत उन्हाळ्यासाठी उत्कृष्ट आहे. दिवसाचा ताप आत पोचेपर्यंत रात्र होते. पावसासाठी ती तितकीच घातक आहे. धाब्यावरून एकदा पाणी भिंतीच्या पोटात उतरले की आतील माती फुगते, बाहेरील विटेचा पडदा सुटतो आणि भिंत रस्त्याच्या अंगाने कोसळते. दरवर्षी मृगापूर्वी धाब्यावर पांढरी माती नव्याने पसरण्याचे जे काम असे, त्याच्यावर साऱ्या घराचे आयुष्य अवलंबून होते. ज्या वास्तूला दरवर्षी माणसाचा हात लागतो तीच टिकते, हा तिचा मोठेपणा आहे की दोष, याविषयी मतभेद होऊ शकेल. वास्तुरचनेच्या कसोटीने पाहता तो दोषच म्हणावा लागेल. कारण दोन भिन्न स्वभावांच्या वस्तू एकमेकींशी न सांधता शेजारी उभ्या करणे हे चांगल्या गवंड्यास शोभणारे नव्हे. भिंतीच्या दोन्ही अंगांस बांधणारी आडवी वीट किंवा लाकडी बंध जेथे घातले आहेत, तेथील भिंती आजही सरळ आहेत.

विटेचा उपयोग तिच्या स्वतःच्या गुणाने जेथे झाला ती जागा एकच: दरवाजा. तेथे कमान आहे, कमानीवर जाडी आहे, क्वचित दोन्ही अंगांस बुरुजाचा भास करणारे गोल कोपरे आहेत. येथे वीट नुसती आडोसा न राहता भार घेते, वळते, बोलते. या दरवाजाचे मूळ शोधण्यासाठी पुण्यास जाण्याचे प्रयोजन नाही. अचलपूरचा नवाब इस्माईलखान याने १७५७ साली पुरा केलेला बाळापूरचा किल्ला उंच तटबुरुजांसह विटेत बांधलेला आहे, आणि खुद्द अचलपूरजवळ हौज कटोऱ्याचा अष्टकोनी मनोरा तलावात उभा आहे. कमानीचे आणि बुरुजाचे जे व्याकरण या राजवास्तूंत मोठ्या अक्षरांत लिहिले गेले, तेच देशमुख-पाटलांच्या दरवाजांत बारीक अक्षरांत उतरले. सर्वच ठिकाणी ते चांगले उतरले असे नाही. ज्या घरात बुरूज पोकळ, जंग्यांची भोके कोणत्याच दिशेला न रोखलेली आणि कमान केवळ लाकडी पाटईवर चढविलेला चुन्याचा लेप, तेथे संरक्षणाचा केवळ अभिनय उरला आहे.

परंतु मूळचे संरक्षण मात्र अभिनय नव्हते. १७२४ मध्ये साखरखेर्ड्याच्या लढाईनंतर वऱ्हाड निजामाच्या हाती गेले. तरी नागपूरकर भोसल्यांचा वसुलीचा हक्क चालूच राहिला, आणि प्रांतात ‘दोअमल’ म्हणून ओळखला जाणारा कारभार सुरू झाला. एका पिकावर दोन धनी, हा त्याचा अर्थ. १८०३ च्या डिसेंबरात गाविलगड इंग्रजांनी घेतला, देवगावचा तह झाला आणि दोअमल संपला. पेंढाऱ्यांचा उपद्रव मात्र पुढे १८१७–१८ पर्यंत राहिलाच. दोन्ही सरकारांना जबाबदार असलेला आणि दोघांपासूनही धान्य लपविण्याची गरज असलेला वतनदार ज्या घरात राहतो, ते घर बाहेर खिडकी ठेवीत नाही. त्याची बळदे भिंतीच्या जाडीत असतात, त्याची पेवे पांढरीच्या कोरड्या पोटात असतात. पुण्याचा वाडा हा राज्यकर्त्या वर्गाचा वाडा होता, तो रस्त्यावर सज्जा काढून मिरवणूक पाहू शकत होता. अचलपूरकडील वाडा वसुली देणाराचा आणि घेणाराचा एकाच वेळी होता. दोहोंच्या दर्शनी भागांत जो फरक दिसतो तो ऐपतीचा नसून या स्थितीचा आहे.

घराच्या आतील रचनेचा विचार शब्दांच्या साहाय्याने केल्यास काही गोष्टी अधिक उजळतात. दरवाजा, बुरूज, कमान, ढेलज, दिवाणखाना, गच्ची: घराचा जो भाग बाहेरच्यास दिसतो त्याची नावे बहुधा फारसी-अरबीतून आलेली आहेत. ओसरी, माजघर, चौक, देवघर, न्हाणी, परस: चौक ओलांडला की नावे प्राकृताच्या वाटेने आलेली. माजघर हे मध्यगृह, चौक हे चतुष्क, न्हाणी ही स्नानाची जागा. अपवाद आहेत, परसातला हौद अरबी आहे आणि विटेचे ‘वीट’ हे नाव ‘इष्टका’चे रूप असून दर्शनी भिंतीत बसलेले आहे. तथापि स्थूलमानाने पाहता घरातून एक भाषासीमा गेलेली दिसते, आणि ती चौकाच्या अलीकडच्या कडेवरून जाते. अलीकडे सरकार, पलीकडे घर. ढेलजेत जाजम टाकून बसलेला कारकून ज्या भाषेत कागद लिहीत होता, तिचा वारा माजघरापर्यंत पोचला नाही. पुण्यासही ही नावे आहेत हे खरे; परंतु तेथे दिवाणखाना घराच्या पोटात, वरच्या मजल्यावर गेला, तर वऱ्हाडी घरात बैठक दरवाजालगत राहिली. परकी सत्ता घराबाहेर थोपवून धरण्याची ही युक्ती नकळत साधली गेली असावी, पण साधली गेली खास.

तथापि या सीमेचे कौतुक करताना दुसऱ्या एका सीमेचा विसर पडता कामा नये, आणि जुन्या वाड्यांविषयी हळवेपणाने लिहिणारांना तो नेमका पडतो. दरवाजा, ढेलज, चौक, ओसरी, माजघर, देवघर ही जशी घराच्या भागांची नावे आहेत, तशीच ती प्रवेशाच्या श्रेणीची पायरीवार मांडणी आहे. सरकारी शिपाई ढेलजेत बसे. सोयरा ओसरीवर येई. कुणबी सालदार गोठ्याकडच्या दाराने चौकापर्यंत जाई. बलुतेदार आपले बलुते चौकाच्या कडेला उभा राहून घेई. आणि ज्याच्या हाती गावाच्या सीमेची राखण व सरकारी निरोपांची ने-आण होती त्या महारास दरवाजाच्या पायरीपुढे पाऊल नव्हते. घरातील स्त्रियांस परसदार होते, दर्शनी दरवाजा सणावारी व लग्नकार्यापुरता. विटेची भिंत जितकी जाड, तितकी ही श्रेणी पक्की. भिंतीची जाडी हवामानाने ठरविली हे वर सांगितलेच आहे. दारांची संख्या आणि त्यांचा क्रम मात्र हवामानाने ठरविला नाही. वास्तूचा नकाशा काढताना केवळ लांबी-रुंदी नोंदवून कोण कोठपर्यंत येत असे हे न नोंदविणे म्हणजे अर्धाच नकाशा काढणे होय.

या बाबतीत मराठीला स्वतःची एक परंपरा आहे आणि ती वऱ्हाडाशीच निगडित आहे, हे येथे सांगणे अप्रस्तुत ठरणार नाही. महानुभावांच्या ‘स्थानपोथी’त चक्रधर आणि गोविंदप्रभू यांच्या वास्तव्याने पुनीत झालेल्या जागांचे वर्णन आहे, अचलपूर आणि जवळचे ऋद्धिपूर ही दोन्ही स्थाने महानुभावांना पूज्य आहेत. त्या ग्रंथाचा हेतू भक्तीचा आहे, वास्तुशास्त्राचा नव्हे. पण दार कोणत्या दिशेस, पटिशाळा कोणीकडे, कोण कोठे बसले, कोठून निघाले, अशा तपशिलांनी तो जागा ओळखतो. वास्तू तिच्या वापरातून ओळखण्याची ही दृष्टी कझेन्स यांच्या यादीत नाही. कझेन्स यांनी मोजमापे दिली, छायाचित्रे दिली, हे त्यांचे ऋण मोठे आहे. तरी घराचा अभ्यास करणारास त्यांच्यापेक्षा स्थानपोथीकारच अधिक जवळचा वाटावा.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हे घर बदलले. १८५३ साली वऱ्हाड इंग्रजांच्या व्यवस्थेखाली गेले. १८६१ ते १८६५ या काळातील अमेरिकेच्या यादवी युद्धाने कापसाचे भाव चढले. १८६७ पर्यंत रेल्वे बडनेऱ्यावरून नागपूरला पोचली. सारा रोखीने आणि सर्वे नंबराप्रमाणे भरावयाचा, तेव्हा बळदांचे महत्त्व ओसरले. पेंढारी नाहीत, दोअमल नाही. भिंतीला रस्त्याच्या बाजूने खिडक्या पडू लागल्या. त्या खिडक्या पाहिल्या की पुष्कळ ठिकाणी त्या नंतर फोडलेल्या आहेत हे लगेच कळते, कारण कमान किंवा पाटई भिंतीच्या थरांशी जुळत नाही. पुढे धाब्याच्या जागी कवेलू व मंगलोरी कौले आली, साच्यातील जाड वीट आली, लोखंडी तुळया आल्या. या काळातील घरे एकजिनसी नाहीत म्हणून त्यांना हिणविण्याचे कारण नाही. उलट एकाच भिंतीत पातळ वीट खाली आणि जाड वीट वर दिसते, तेव्हा घराची कालगणना करण्यास शिलालेखाची गरज उरत नाही.

विसाव्या शतकाने मात्र या घराचे प्रयोजनच काढून घेतले. महाराष्ट्रात १९६२ च्या कायद्याने महसुली पाटलांचे वंशपरंपरागत पद रद्द झाले. ढेलजेत बसणारा कारकून गेला, दरवाजाशी उभा राहणारा निरोप्या गेला, आणि या दुसऱ्या गोष्टीबद्दल कोणी अश्रू ढाळू नयेत. वाटण्या झाल्या, चौकाच्या मधोमध भिंती उठल्या. गढ्यांची माती धाब्यांसाठी व शेतासाठी खणून नेण्याची चाल तर जुनीच होती. त्यामुळे कित्येक गढ्या लढाईने नव्हे, घमेल्याने जमीनदोस्त झाल्या.

जी घरे राहिली त्यांना आज सर्वांत मोठा धोका दुरुस्तीपासून आहे. खाऱ्या ओलीने विटेला लोणा लागतो. तळचे थर भुगा होऊन गळू लागतात. जुना गवंडी म्हणून दगडी जोते उंच घेई आणि वर चुन्याचा गिलावा देई. चुन्यातून ओल बाहेर पडे व क्षार गिलाव्यावर येऊन बसत, वीट वाचे. गिलावा खराब झाला की खरवडून नवा करावयाचा, एवढेच काम. आता त्याच जागी सिमेंटचा गिलावा देतात. ओल बाहेर येऊ शकत नाही, ती भिंतीत वर चढते, क्षार विटेच्या पोटातच स्फटिक धरतात आणि गिलाव्याच्या आड वीट पीठ होते. बाहेरून भिंत नवी दिसते आणि एका पावसाळ्यात गिलाव्यासह खाली येते. पुरातन वास्तूंविषयीचा १९५८ चा केंद्रीय कायदा शंभर वर्षांच्या वास्तूंना स्मारक मानू शकतो. परंतु ज्यात चार बिऱ्हाडे राहतात त्या पडक्या वाड्याला स्मारक करून बिऱ्हाडांना बाहेर काढणे हा उपाय नव्हे, आणि तसा आग्रह कोणी धरीत असल्यास तो वास्तूच्या स्वरूपाविषयीच्या अज्ञानातून धरतो. रोज लागणारा हात काढून घेतला की धाबे दोन पावसाळ्यांत बसते.

तेव्हा विद्यापीठातील अभ्यासकाच्या वाट्यास येणारे काम नोंदीचे आहे, आणि ते घर उभे आहे तोवर करावयाचे आहे. विटेची लांबी, रुंदी, जाडी दर मजल्यास निराळी घ्यावी, चुन्याचा नमुना घ्यावा, खण मोजावेत, भिंतीच्या जोडावर दोन्ही अंगांस बांधणारी वीट आहे की नाही हे पडक्या कोपऱ्यातून पाहून ठेवावे. प्रत्येक भागाचे घरातील वृद्ध स्त्रीने सांगितलेले नाव आणि त्याच भागाचे घरातील पुरुषाने सांगितलेले नाव ही वेगवेगळ्या रकान्यांत लिहावीत. ती नेहमी एक असतीलच असे नाही. आणि त्याच गावातील ज्या वस्तीला त्या दरवाजापुढे पाऊल टाकता येत नव्हते, तेथील वृद्धांना त्या घराचे कोणकोणते भाग कोठून दिसत असत, हेही विचारून नकाशावर खुणेने दाखवावे.